कर वाचवून घेतलेला फ्लॅट

माझ्या धाकट्या जावेवर मी जळते. आडून आडून कशाला बोलायचं? जळगावात आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून होती, सासऱ्यांनी दोन्ही मुलांना सारखी बांधून दिलेली. एका डॉक्टरला तिथे दवाखाना काढायचा होता, त्यानं दोन्ही एकदमच घेतली. दोघींच्या घरात सारखाच पैसा आला. तोवर जळायला काही कारणच नव्हतं.

विकण्याआधी आम्ही चौघं एकाच सीएकडे गेलो. त्यानं नीट समजावलं. घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो. पण तो नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या राहत्या घरात घातला तर कर वाचतो. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत घर मिळालं नाही, तर पैसे बँकेतल्या त्यासाठीच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे. मागे खोल्या वाढवल्या असतील, तर तो खर्चही नफ्यातून वजा होतो. मी तर फरशीवाल्याची पावतीसुद्धा पिशवीत घालून नेली होती. जावेनं एवढंच विचारलं, शेत घेतलं तर चालतं का? तो म्हणाला, शेतीला ही सूट नाही.

तरी त्यांनी शेतच घेतलं! आमच्या लोकांना पैसा जमिनीत गेल्याशिवाय झोप लागत नाही. सगळा कर भरून दिरांनी चाळीसगावकडच्या आपल्या शेताला लागून पट्टा घेतला आणि तिथल्याच दोन खोल्यांत दोघं राहायला गेले. मी मनातून हसले. आम्ही जळगावातच चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, एक रुपया कर लागू दिला नाही. नातेवाइकांत मी हुशार ठरले, आणि ते ज्याला त्याला ऐकवतही सुटले.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि खापरावरची पुरणपोळी झाल्याशिवाय सण होत नाही. खापर म्हणजे पालथं घातलेलं मातीचं भांडं, त्याला चूल लागते. मी गच्चीवर तीन विटा मांडून चूल पेटवली, तर सोसायटीचा सेक्रेटरी धापा टाकत वर आला. शेवटी गॅसवर तव्यावरच्या लहान पोळ्या केल्या. नाशिकहून आलेली लेक दोन पोळ्या खाऊन उठली. दुसऱ्या दिवशी काकूला भेटून येते म्हणून गेली, ती तिकडेच राहिली. फोटो पाठवला. जाऊ हातावर पोळी फिरवतेय, आणि माझी लेक शेजारी बसून चुलीत काटक्या सारतेय. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. जाऊ वाईट असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मी यांच्या मागे लागले, हा फ्लॅट विका, अंगण असलेलं काहीतरी घ्या. सीएला विचारलं. तीन वर्षांच्या आत विकला तर वाचवलेला कर परत अंगावर येईल, म्हणाला. यांना तर लिफ्टचं भारी कौतुक, त्यांनी विषयच मिटवला.

यंदा लेकीचा फोन आला. "आई, मी चाळीसगावलाच उतरते. गाडीनं आधी तेच लागतं ना. तुम्ही दोघंच इकडे या, काकूनं सांगितलंय." गाडीचं कारण खरंच होतं.

गेलो. पोळ्या पोटभर जेवले, आणि चांगल्या झाल्या होत्या याचाही राग आला. लेक निघाली तेव्हा जावेनं सुपात गहू, नारळ, खण काढून ठेवले. मी भिंतीला टेकून उभी होते. तिनं सूप माझ्या हातात दिलं. "अक्का, तुम्हीच भरा ओटी. बठ्ठं तुमनंच शे."

सगळं म्हणे माझंच. मी भरली. गहू तिच्या शेतातले, नारळ तिनं आणलेला. लेकीनं पदर सावरला आणि सवयीनं आधी घरच्या बाईच्या, काकूच्या, पाया पडली. मग माझ्याकडे वळली.