डाव्या सीटपुढची ओल

मृणालिनीबाईंच्या गाडीतलं कूलंट कुठे जातं, हे वर्षभर कुणाला कळलं नव्हतं. गाडी अठरा वर्षांची. बॉनेटखालच्या बाटलीत ते इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी भरायचं, बाटलीवर मार्करने रेघ मारायची, आणि पुढच्या रविवारी बघावं तर पातळी रेघेखाली दोन बोटं. बाई गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरत. ओट्यावर दूध उतू गेलं तर डाग तरी राहतो. इथे कागद ठणठणीत कोरडे. शिवाजी पार्कातल्या एका गॅरेजवाल्याने रेडिएटर बदलला, दुसऱ्याने पाइप. शेजारच्या ललिताबाई म्हणाल्या, विकून टाका आता, बसणारा माणूसच गेला.

बसणारे म्हणजे बाईंचे यजमान, गंगाधरपंत. गाडी कायम बाईच चालवत, ते डावीकडे बसत.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दादरहून परतताना त्यांच्या श्वासाला गोडसर वास येत होता. डायबेटिस असून चोरून खायची त्यांची जुनी खोड. "पुन्हा पेढे खाल्लेत ना?" बाईंनी सिग्नलला विचारलं. ते काचेला डोकं टेकून बसून राहिले. बाईंनी अबोला धरला आणि त्यांना घरी आणलं. संध्याकाळी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, साखर बेसुमार वाढली की श्वासाला असा वास येतो, सकाळीच आणायला हवं होतं. त्यानंतर पंत घरी आलेच नाहीत.

आणि गेलं वर्षभर गाडीत तसाच वास येत होता. काचा बंद केल्या की जास्त. समोरची काच आतून धुरकट व्हायची, तीही डावीकडून. हे बाईंनी कुणाला सांगितलं नाही, मुलालाही नाही. त्या घाबरत आणि तरी दर रविवारी गाडीत जाऊन बसत.

शेवटी चिंचपोकळीला, रुळांच्या भिंतीलगतच्या दौलत मेकॅनिककडे त्या गाडी घेऊन गेल्या. त्याने रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरला. पंपावरचा काटा हळूहळू उतरला, म्हणजे गळती होतीच, पण खाली थेंब नाही. मग त्याने डावं दार उघडलं, आत वाकला आणि तसाच थांबला.

बाई पुढे झाल्या. "काय झालं रे?"

"गोड वास येतोय, काकू. तुम्हाला नाही येत?"

म्हणजे वास त्यालाही येत होता.

त्याने सीटपुढचं कार्पेट उचललं. खाली चिकट, हिरवट ओल. हीटर गळत होता. डॅशबोर्डच्या आत त्याचा छोटा रेडिएटर असतो, त्यातूनही हेच गोड वासाचं कूलंट फिरतं, मुंबईत हीटर कुणी लावत नाही, म्हणून तो आहे हेच सगळे विसरतात, असं दौलत सांगत होता.

"वास आल्या आल्या कळतं?" बाईंनी विचारलं.

"माहीत असलं तर कळतं."

"आणि नसलं तर?"

दौलतने चिंधीला बोटं पुसली. "मग माणूस म्हणतो, कुणीतरी काहीतरी गोड सांडलं असेल."

कूलंट हीटरकडे जाऊच नये म्हणून त्याने तिकडे जाणारे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकले. कार्पेट फेकू का म्हणाला, तर बाई म्हणाल्या, राहू दे, होतं तिथेच घाल. काचा उघड्या ठेवा, घरी पोचेपर्यंत वास जाईल, असं त्याने दोनदा बजावलं. बाईंनी मान डोलावली.

लालबागच्या सिग्नलला त्यांनी चारही काचा वर केल्या.

"तुम्ही पेढे नव्हते खाल्ले," त्या डावीकडे न बघता म्हणाल्या, आणि सिग्नल सुटला तरी गाडी हलली नाही.