काळी चारचा आवाज

माझे यजमान साखर कारखान्यात कामाला होते आणि गाणं म्हणत. आधी कारखाना, मग गाणं, कारण घर कारखान्यावर चालायचं. पण नव्वदच्या दशकात दौंड-शिरूरच्या पट्ट्यात लोक त्यांना ओळखायचे ते गाण्यामुळे. आमच्या भागातला, स्वतःची कॅसेट निघालेला पहिला गायक म्हणजे ते. त्यांच्याआधी दुसऱ्या कुणाची निघाली असेल तर मला माहीत नाही, आणि त्यांना ते ऐकूनही घ्यायचं नव्हतं.

आवाज चढा होता. पेटीवर डावीकडून उजवीकडे जावं तसा सूर चढत जातो. आमच्या भजनातले बाकीचे पुरुष काळी एक नाहीतर काळी दोनमध्ये गायचे. हे सरळ काळी चार धरायचे आणि तरी घसा ताणल्यासारखा वाटायचा नाही. पेटीच्या साथीला एक चाचा असत, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या दौंडातलंच. ते मला म्हणायचे, "वहिनी, बाकीच्यांचा जिना जिथं संपतो ना, तिथनं ह्यांचं घर चालू व्हतंय."

कॅसेट पुण्यात झाली. एका बोळात, पहिल्या मजल्यावर, भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत. मी डबा घेऊन बरोबर गेले होते. मला दाराबाहेर बसवलं, कारण माझ्या बांगड्या वाजत होत्या. आत हे गात होते ते गाणं बांगड्यांचंच होतं.

काही आठवड्यांनी कॅसेट घरी आली. मी ब्लाउज शिवायची, त्या मशीनशेजारी टेपरेकॉर्डर असायचा. ह्यांनी हात धुऊन, टोपी घालून कॅसेट लावली. पहिली ओळ झाली आणि त्यांनी बटण दाबून बंद केली.

"ह्यो मी न्हाई."

"अहो, वर फोटो तुमचाच आहे."

"फोटो माझा हाय. गळा माझा न्हाई."

मलाही ते जाणवलं होतं. आवाज पातळ होता, गोड होता, आणि कुणीतरी मागे लागल्यासारखा घाईत होता. आधी आम्ही टेपरेकॉर्डरला दोष दिला. कापडी पिशवीत घालून मी तो दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं हेड पुसलं, बेल्ट तपासला, म्हणाला मशीन ठणठणीत आहे. शेजाऱ्यांच्या टेपवरही तोच पातळ आवाज. शेवटी चाचा पेटी घेऊन आले. कॅसेट चालू ठेवून एकेक पट्टी दाबत गेले आणि काळी पाचवर थांबले.

"तुम्ही मालगाडी हाकली," ते हसत म्हणाले, "त्यांनी तिची एक्सप्रेस करून सोडली की!"

ह्यांना हसू आलं नाही. ते तसेच एसटीडी बूथवर गेले आणि पुण्याला फोन लावला. कॅसेटवाल्यानं काहीच लपवलं नाही. गाणी कॅसेटमध्ये बसत नव्हती, आणि जरा पळवलं की गाणं उठतं, असं त्याचं म्हणणं. वर विचारलं, "खपतीय ना? मग?"

खपत तर होती. त्या गळीत हंगामात पाटसच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जायचे त्यांच्यावर बांगड्यांचं गाणं, तळेगावच्या जीपमध्ये तेच, रसवंतीवर तेच. माझ्या गिऱ्हाइकणी मापं देता देता सांगायच्या, "तुमच्या मालकांचा गळा कसा बाईमाणसासारखा नाजूक हाय." मी टेपनं माप घेत राहायची. कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला की हे मान खाली घालायचे. आपला सदरा घालून दुसराच माणूस गावातून मिरवत जातोय आणि लोक त्याला रामराम करतायत, असं त्यांचं झालं होतं.

खरी पंचाईत माझ्या माहेरी झाली. माहेर शिरूरजवळचं. यात्रेत कुस्त्यांच्या आधी, दुपारी, गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा ठरला आणि माझा धाकटा भाऊ यात्रा कमिटीत असल्यामुळे त्यानं छाती ठोकून सांगितलं, कॅसेटवाले आमचे दाजीच आहेत. ह्यांनी गाणं सुरू केलं, आपल्या काळी चारमध्ये, उत्तम. पण ते कॅसेटपेक्षा सावकाश आणि खालचं होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून एकजण ओरडला, "आरं ह्यो न्हवं! कॅसेटवाल्याला आणा!"

दुसरा म्हणाला, "डुप्लिकेट हाय! फोटो बघून धरून आणलाय!"

हशा पिकला. कमिटीतल्या एका आप्पांनी तर ह्यांना बाजूला घेऊन अगदी मानानं विचारलं, "पाव्हणं, राग मानू नका, पर मूळ गायक कवा येनार?"

भाऊ माझ्याकडे आला. "आक्का, दाजींना पडसं झालंय का?"

"नाही," मी म्हटलं. "पडसं कॅसेटला झालंय."

जेवायला पुरणपोळी होती. ह्यांनी एक घास खाल्ला नाही. परतीच्या एसटीतून दौंडला उतरताना म्हणाले, "फुडल्या यात्रेला काळी पाचमधी गातो का न्हाई बघ."

मी विरोध केला नाही. माणूस हट्टाला पेटला की त्याला गरम पाणी द्यावं आणि आपलं काम करावं. वर्षभर मी मिठाच्या गुळण्यांना पाणी तापवलं आणि ज्येष्ठमध कुटला. घरात ओरडलं की शेजारी भिंतीवर थापा मारायचे, म्हणून हे पहाटे रेल्वेच्या यार्डाकडे जायचे. मालगाड्यांचे डबे आदळायच्या आवाजात ह्यांचं ओरडणं कुणाला कळायचं नाही. चाचा पेटी सायकलला बांधून सोबत जायचे आणि कुरकुरायचे, "सोताच्या कॅसेटची नक्कल करनारा पहिला मानूस बघतोय मी."

पण जमलं. पुढच्या यात्रेत ह्यांनी काळी पाच धरली, कॅसेटच्या गतीनं, आणि पटांगण उठलं. शिट्ट्या, टोप्या, भावाची मान ताठ. ते आप्पा स्वतः नारळ घेऊन आले. ह्यांच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या उठल्या होत्या आणि घाम मानेवरून सदऱ्यात जात होता. मी पहिल्यांदा ऐकलं की गाताना त्यांना त्रास होतोय. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

त्या जोरावर दुसरी कॅसेट ठरली. ह्यांनी पुण्यात जाऊन सगळी गाणी काळी पाचमध्ये म्हटली. आता कॅसेट आणि आपण सारखेच, अशी त्यांची खात्री होती. कॅसेट आली. पुन्हा हात धुतले, टोपी घातली, बटण दाबलं.

कॅसेटवाल्यानं तीही पळवली होती.

आता तर चिमणीच गातीय असं वाटत होतं. चाचांनी पेटीवर सूर शोधायला सुरुवात केली, बोटं उजवीकडे सरकत गेली, आणि मध्येच भाता सोडून ते खो खो हसायला लागले. मला वाटलं, हे आता चिडणार. पण हेही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"जाऊ द्या तिला," म्हणाले. "म्या कुठवर पळू हिच्या मागं?"

तिसऱ्या कॅसेटला ते गेले नाहीत. पुढं सीडी आल्या, पडद्यावर नाचणारी मुलं-मुली आली, आणि तो कॅसेटवाला मोबाइलची कव्हरं विकायला लागल्याचं कानावर आलं. हे कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत दर गुरुवारी भजनात काळी चारमध्ये गात राहिले. ऐकायला दहाबारा माणसं असायची. चाचा गेल्यावर पेटी त्यांच्या मुलानं आमच्या घरी आणून ठेवली, वाजवणारं त्यांच्याकडे कुणी नव्हतं म्हणून.

टेपरेकॉर्डर अजून मशीनशेजारीच होता. एकदा लग्नसराईत कामाचा ढीग होता, रेडिओ खरखरत होता, म्हणून हाताला आली ती कॅसेट मी लावली. ती पहिली निघाली. टेपरेकॉर्डर जुना, बेल्ट सैल झालेला, त्यामुळे गाणं रेंगाळत सुरू झालं. मी काज करत होते. दुसऱ्या ओळीला माझी सुई थांबली.

आतून हे आले. त्यांनी चाचांच्या पेटीवरचं फडकं काढलं, खाली बसले आणि एक पट्टी दाबली. काळी चार. कॅसेटचा सूर किंचित डळमळत होता, पण तिथंच होता.

"ह्यो मी," ते म्हणाले, आणि पुढची ओळ त्याच्याबरोबर म्हणायला लागले. आवाज म्हातारा झाला होता. गाणं मात्र दोघांचं एका चालीनं चाललं होतं.

त्या आठवड्यात टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकायचं माझ्या मनात होतं. बेल्ट अगदी साधी गोष्ट, दुरुस्तीवाल्याच्या डब्यात ढिगानं पडलेले असतात. मी टाकला नाही.