शनिवारचं सुतक

रोकीनाकाकूच्या जिभेला हाड नव्हतं. इटलीच्या डोंगरातल्या आमच्या पिएत्राफोस्का गावातल्या निम्म्या बायकांना तिनं कधी ना कधी रडवलं होतं, आणि उरलेल्या तिच्या वाटेलाच जात नसत. माझं दार तिच्या दारासमोर, त्यामुळे मला पळता आलं नाही.

तिचा नवरा तरुणपणी बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेला तो परतलाच नाही. मेला की दुसरी बाई केली, हे तिनं कधी शोधलं नाही. “मेलाच म्हण, दोनाता,” ती मला सांगायची, “तेवढंच स्वस्तात पडतं.” मग लोकांच्या लग्नाकार्यात पास्ता वळून तिनं एकुलत्या एका मुलाला, कानियोला, वाढवलं. लोखंडी काडीवर पीठ गुंडाळायचं, तळव्यानं एकदाच फिरवायचं आणि काडी ओढून घ्यायची. हा आमच्याकडचा पास्ता. तिच्या हातचा नसला तर वऱ्हाडी कुजबुजत की मुलीच्या बापानं हात आखडला.

कानियो तसा वाईट माणूस नाही. वाईट असायलाही पाठीला कणा लागतो. त्याची बायको लोरेदाना पोतेन्झा शहरातली. तिनं एक दिवस इंटरनेटवर घराचे फोटो टाकले आणि जाहिरात केली की इथे येऊन आजीकडून पास्ता शिका, डोंगरातलं जुनं जगणं पाहा. दर शनिवारी बसमधून हॉलंडचे, जर्मनीचे पाहुणे उतरू लागले.

पहिल्याच शनिवारी काकूनं एका उंच डच बाप्याच्या बोटांवर तीच काडी हाणली. “हा पीठ मळतोय की मेलेलं कोंबडं चोळतोय?” पाहुण्याला शब्द कळले नाहीत, काडी कळली. त्याची तक्रार लोरेदानाच्या फोनवर आली. शिवाय काकूच्या एका डोळ्यात फूल पडलेलं, पुढचे दोनच दात शिल्लक. फोटोत ती भयंकर दिसायची.

काकूला आंघोळ घालायला, तिचं हवं-नको बघायला विओरिका नावाची रुमानियाची बाई ठेवलेली होती. गोल गाल, पांढरे केस, सदा हसरी. लोरेदानानं तिला फुलाफुलांचा एप्रन बांधला आणि आजी म्हणून उभी केली. काकूला म्हणाली, “त्यांना आजी हवी असते, चेटकीण नाही.” कानियो तिथेच उभा होता. खिडकीबाहेर बघत होता.

तेव्हापासून दर शनिवारी काकू मागच्या खोलीत, दार ओढून घेतलेलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ती विओरिकाला तोंडावर म्हणायची, पण मळण्याच्या आवाजावरून पीठ सैल झाल्याचं कळलं की आतून भिंतीवर काठी आपटायची. लोरेदाना पाहुण्यांना सांगायची, शेजारी दुरुस्ती चाललीय.

एका रविवारी मी तिच्याजवळ बसले होते. तिनं कानियोला हाक मारली.

“मी मेले की तीन दिवस या घरात चूल पेटायची नाही. जेवण शेजारणी आणतील, रीत आहे ती. तू दाराशी खुर्चीवर बसायचंस. कुणाला वाढायचं नाहीस, कुणाला आणायला जायचं नाहीस. बसायचं आणि रडायचं. तुझ्या बापासाठी रडायला मला सवड मिळाली नाही रे. एवढं करशील?”

“करीन गं आई.”

“बघ हां. दोनाता ऐकतेय.”

ती गेली तीही शनिवारी, सकाळी. बस तेव्हा चढणीला लागली होती. कानियो खुर्ची शोधत होता. लोरेदानानं त्याच्या हातात गाडीची किल्ली दिली. “मेलेलं माणूस थांबतं, पाहुणे थांबत नाहीत. जा, थांब्यावरून घेऊन ये त्यांना.” तो गेला. विओरिका पिठाच्या हातांनी रडत होती. तिला लोरेदाना म्हणाली, “रड, पण बाजूला. पीठ खारट होईल.” आणि चूल पेटवली.

विओरिकानंच खिडकीतून मला खूण केली होती. आम्ही चौघी शेजारणी काळे कपडे घालून निघालो. माझ्या हातात कोंबडीचं सूप, बाकीच्यांकडे उकडलेले हरभरे, पाव, वाळवून तळलेल्या मिरच्या. दार ढकललं तर आत कोपरापर्यंत पीठ लागलेले डच लोक. त्यांनी आनंदानं टेबलावर जागा केली. एकीनं माझ्या पातेल्याचं झाकण उघडून वास घेतला आणि माझ्या गालाचा मुका घेतला.

मी म्हणाले, “लोरेदाना, आत मढं आहे.”

“म्हणूनच हळू बोल.”

मग पाहुण्यांकडे वळून तिनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. विओरिकानं नंतर मला अर्थ सांगितला: दुःखाच्या घरी शेजारी जेवण आणतात ही आमची फार जुनी पद्धत, आज खास तुम्हाला करून दाखवतोय. त्यांनी फोटो काढले. सगळं जेवले, पावानं ताटं पुसून खाल्ली. कानियो वाइन ओतत फिरत होता. भिंतीपलीकडे त्याची आई होती, आणि तिच्या उशाशी कुणी नव्हतं. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि मी सूप वाढलं.

त्या पाहुण्यांनी लिहिलं की अख्ख्या प्रवासात काळ्या कपड्यांतल्या बायकांचं जेवण सर्वांत खरं होतं. लोरेदाना आठवड्याच्या आत आमच्या दारोदार आली, दर खेपेचे पैसे ठरवून गेली. आता दर शनिवारी आम्ही काळे कपडे घालून पातेली घेऊन जातो. हो, मीही जाते. पेन्शनीत भागत नाही, आणि घरी बसून भिंतींशी किती बोलायचं.

आणि कानियो दाराशी खुर्चीवर बसतो. पाहुणे रांगेनं येतात, लोरेदानानं शिकवल्याप्रमाणे त्याचा हात हातात घेतात आणि पुढे जातात. तो त्यांच्या बुटांकडे बघत राहायचा. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या डच बाईनं त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. “आई गं,” म्हणत कानियो खुर्चीवरून खाली घसरला आणि उंबऱ्यावर डोकं ठेवून हंबरडा फोडून रडला. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

लोरेदानानं त्याला उठवलं, एप्रननं त्याचं तोंड पुसलं. “छान झालं हे,” ती म्हणाली. “पुढच्या शनिवारीही असंच कर. फक्त जेवणं उरकल्यावर. आधी नको, पास्ता गार होतो.”

कानियोनं मान डोलावली.