चार सुती बाजू, तीन सुती तळ

लाँचची इंजिनं दुरुस्त करायचं आमचं वर्कशॉप मालवणात, घराच्या मागच्या पडवीत होतं. बंदरात शिडांपेक्षा लाँची वाढू लागल्या होत्या, ते दिवस. सुटे भाग बिस्किटांच्या डब्यांत पडलेले असत आणि माझ्या नवऱ्याला हवी ती वस्तू सापडायला हल्ली फार वेळ लागे. एके दिवशी त्यांनीच सांगितलं, "खणांचा कपाट करून घेऊया. चोवीस खण." मला बरंच वाटलं.

कपाट करायला आलेला मेस्त्री ख्रिश्चन, वयस्कर, हात अगदी सफाईदार. मुंबईहून बोटीने आलेल्या प्लायवूडचे तीन तुकडे त्याने बाकावर मांडले. एक दोन सुती, म्हणजे पाव इंची. दुसरा तीन सुती, तिसरा चार.

"सगळाच दोन सुती घ्या," मी म्हटलं. "हलका होईल."

"वैनी, खणात काय घालतलास ता आधी सांगा," मेस्त्री म्हणाला.

मी व्हॉल्व्ह, नट, बेअरिंगं दाखवली. त्याने दोन सुताचा एक खण जोडून दिला. मी तो नटांनी भरला. दोन दिवसांत तळाला पोट आलं आणि खण खालच्या पट्टीवर घासू लागला. बाजूंचंही तेच. तळ बसवायला बाजूला एक सूत खोल खाच पाडली होती, तिथे लाकूड एक सूतच उरलं होतं, तेही फाटलं.

"बाजू चार सुती व्हयी," मेस्त्री म्हणाला. "तळाचा तुमी बघा."

नवरा बाकाशी आला. तुकड्यापासून वीतभर अलीकडेच त्यांचा हात टेकला, मग बाकावरून सरकत पुढे गेला. अंगठा कडेवरून फिरवत ते म्हणाले, "ह्यो दोन सुती. ह्यो तीन. जड खणांक तीन सुती घाल, वायसरांसारख्या हलक्या वस्तूंक दोन चलतत."

दोन्ही बरोबर होतं. पण त्यांनी एकदाही खाली पाहिलं नव्हतं.

मेस्त्री गेल्यावर मी विचारलं, "तुमी बघलास नाय. चाचपून सांगितलास."

ते हात पुसू लागले. "डाव्या डोळ्यान काय दिसणा नाय गो. उजव्यानय कडेचा धुरकट दिसता."

"कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून. तू भियशीत म्हणान सांगूक नाय."

मी भ्यायलेच. रागही आला. चोवीस खण त्यांना हाताने ओळखण्यासाठी हवे होते, आणि मी आपली पडवी नीटनेटकी होईल म्हणून खूश झाले होते.

आठवड्याभरात आम्ही मिरजेला गेलो. काचबिंदू निघाला. डावा डोळा गेलेलाच होता. उजवा थेंबांवर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि तो पुष्कळ वर्षं टिकला. परत आलो तेव्हा कपाट तयार होतं. नवऱ्याने एकेक खण ओढून पाहिला, आत हात फिरवला आणि ते मेस्त्रीला म्हणाले, "बरो केलंस रे."

भागांवरचे बारीक नंबर मात्र त्यांना वाचता येईनात. ते मी वाचू लागले. आधी नुसती वाचायची, मग आणून द्यायची. त्या मोसमात मिठबावच्या एका लाँचचा पंप आला, तेव्हा ते स्टुलावर बसून सांगत गेले आणि मी पहिल्यांदा माझ्या हातांनी तो उघडला.