कॉफीच्या कपाखालचा डोळा

टोर्बोर्गने सख्ख्या भावाचा धडधाकट डोळा बांधून ठेवून घालवला, असं आमच्या खाणगावात अजून सांगतात. सांगणाऱ्यांचे स्वतःचे दोन्ही डोळे तेव्हा उघडे होते, तरी दिसलं ते उलटंच. गेला तो जखमी डोळा, आणि गेला तो पट्टी सोडल्यामुळे.

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आमच्या ग्रॅनाइटच्या खाणीवर टोर्बोर्ग कामगारांसाठी कॉफी उकळायची. कुणाच्या डोळ्यात कपची उडाली की तो हिल्डिंग लोहाराकडे पळे. हिल्डिंग घोड्याच्या शेपटीच्या केसाचा फास करून कपची उचकटायचा आणि वर घोटभर दारू मागायचा. साधी कच असली तर निघायचीही. रुतलेल्या पोलादाचं काय व्हायचं, ते कुणी बोलत नसे.

एका शरदात अल्गोटच्या, म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या, डाव्या डोळ्यात छिन्नीचा तुकडा रुतला. टोर्बोर्गने हिल्डिंगला आडवं येऊन थांबवलं. युनियनच्या प्रथमोपचार वर्गात ती शिकली होती. तिने डोळ्याभोवती कापडाची चुंबळ ठेवली, डोळ्याला लागणार नाही असा कप तिच्यावर पालथा घातला आणि वरून पट्टी बांधली. मग उजवा डोळाही झाकला. एक डोळा फिरला की दुसरा त्याच्यामागून फिरतोच ना!

"डॉक्टरकडे जायच्या बोटीपर्यंत माझा हात सोडू नकोस," ती म्हणाली.

वाटेवर सगळी खाण रांगेने उभी. हिल्डिंग ओरडला, "काय रे अल्गोट, बहिणीनं आंधळी कोशिंबीर मांडली वाटतं!"

लोक खदखदून हसले. अल्गोटने हात झटकला, पट्टी ओरबाडली आणि हिल्डिंगसमोर जाऊन बसला. तुकडा निघाला नाही. आणखी आत गेला.

"दोन्ही डोळे कोंडले बाईनं, मग काय होणार?" हिल्डिंग गावभर सांगत फिरला. जेवताना भावाच्या डाव्या हाताला कप ठेवायचा नाही, एवढं टोर्बोर्ग शिकली.

पुढच्याच हिवाळ्यात उरलेल्या उजव्या डोळ्यात दगडाची कपची घुसली. अल्गोट चाचपडत कॉफीच्या खोपटात आला.

"हिल्डिंगला बोलावू नकोस गं," तो म्हणाला. इतक्या बारीक आवाजात तो कधी बोलला नव्हता.

तिने पुन्हा चुंबळ केली, कप पालथा घातला. कप जरासाही हलू दिला नाही. पट्टीची गाठ बसली आणि अल्गोटचं उरलंसुरलं जग काळं झालं. तिने दार उघडलं. बाहेर तीच रांग, तोच हिल्डिंग. फक्त या वेळी कुणी हसत नव्हतं. अल्गोटला ते कुठून कळणार? तो उंबऱ्यावरच अडला.

"सगळे उभे असतील ना? बघत असतील."

"बघू देत. तुला कुठं दिसतायत? चल."