बुंध्यावरच्या दोन खाचा

भिवराअक्काला मोठ्यानं बोलताना मी कवाच ऐकलं न्हाई. तिच्या वाटचं बोलणं देवानं मलाच देऊन टाकलंय, आसं गावात म्हणतेत. म्हणू द्या. मी सुमन, तिची शेजारीण. पालमच्या पल्याड आमचं गाव, तिच्या भिंतीला माझी भिंत, आन तीस वर्षं मी तिला बघायलेय.

तिचं घर मेंढरांचं. नवरा लवकर गेला, तवा लेक शिवकन्या अंगावर पीत होती. अक्कानं मेंढरं राखली, लोकर कातली, पोरगी वाढवली. मग सेलूला गालिचे विणायचं केंद्र निघालं, तिथं ती शिकायला जायली. बन्सीधर मास्तरनं इराणी गालिच्याचा फोटू दाखवला. मधोमध उंच, निमुळतं झाड, खाली मुळ्या, भवताली वेलबुट्टीची किनार. "ह्ये सुरूचं झाड," मास्तर म्हणाला, "तिकडं घराघरात आसलं झाड आंथरतेत."

अक्कानं फोटू उलटासुलटा करून बघितला. "ना सावली, ना शेंगा. मेंढरानं काय खायचं ह्येचं?"

मास्तर हसून बेजार. पर तिनं सुरूचं झाड काय विणलं न्हाई. किनार इराणी ठिवली, मुळ्या ठिवल्या, आन मधी घातली बाभळ. पांढऱ्या लोकरीवर काळी, शेंगांनी वाकलेली. अगं बया, काय ती बाभळ! हात लावला तर काटा टोचंल आसं वाटायचं.

आन बुंध्यावर दोन पांढऱ्या खाचा. आमच्यात परत्येक घराच्या मेंढराच्या कानाला आपापला काप असतो. अक्काच्या घरचे दोन काप. कळपात कळप मिसळला की कान बघायचा आन आपलं मेंढरू वढून घ्यायचं. कानाला काप न्हाई त्या मेंढरावर हक्क सांगायचा न्हाई, मग ते तुमच्या डोळ्यादेखत जल्मलेलं का असंना. अक्काला सही येत न्हाई. त्या खाचा हीच तिची सही.

शिवकन्येला तिनंच शिकवलं. मागावर दोघी शेजारी बसायच्या, पोरगी डाव्या अंगाला, कारण ती डावखुरी. तिची गाठ उलटी पडायची, लोकरीचं तोंड दुसरीकडं वळायचं. मास्तर वरडायचा. अक्का म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, हात तिचा हाय."

मागल्या साली अक्कानं घरच्या मागावर मोठा गालिचा काढला. चौदा महिने लागले. तो परभणीच्या प्रदर्शनात लागणार, खाली चिठ्ठीवर तिचं नाव छापून येणार, एवढीच तिची हौस. "सुमन, मला वाचता येत न्हाई," म्हणायची, "तू नावावर बोट ठिवून दाव." शिवकन्या तवा सेलूला केंद्रातच ऱ्हायली होती. तीच गालिचा घेऊन गेली.

प्रदर्शनाला आमी दोघी यष्टीनं गेलो. हॉलात शिरलो तर समोरच्या भिंतीवर बाभळ! मी चिठ्ठीवर बोट ठिवलं आन ते तिथंच ऱ्हायलं. 'रचना व विणकाम : शिवकन्या.'

"दाव की," अक्का म्हणाली. मी लिवलेलं वाचून दावलं.

माझं डोकंच सटकलं. मास्तर दिसला तशी धावले त्येच्यावर. "मुडद्या, बाईमाणसाचं काम खायलास?"

"अहो बाई, ऐका तर," मास्तर चाचरला. "पोरीनंच नाव लिहून दिलं. केंद्रात शिकवायच्या जागेसाठी स्वतःचं काम दाखवावं लागतं. बाभळ बघून मीबी इचारलं तिला. म्हणाली, शिकले आईकडून, पर हे माझं. आईच्या गालिच्यावर खाचा असतेत ना? ह्याच्यावर कुठंयत?"

मी वळून बघितलं. बुंधा सगळा काळा. अक्का त्येच्यावर तळहात फिरवायली होती, वरून खाली, पुना वरून खाली. दोन ठिकाणी हात अडकायचा. तिथली लोकर उलट्या तोंडाची होती.

तेवढ्यात शिवकन्या आली. नवी साडी, छातीला बिल्ला. आईला बघून तिचं तोंड उतरलं. "माय, तुला त्या जागेचा काय उपेग? दोन खाचा तर भरल्या मी. बाकी समदं तसंच हाय की."

"मागितलं असतंस तर आख्खं झाड दिलं असतं गं," अक्का म्हणाली. "चोर बी खूण मिटवायला मेंढराचा कानच कापून टाकतो. कापलेला कान भरणं कुणाला जमत न्हाई. तुला जमलं. मीच शिकवलं."

बक्षीस ठरवणाऱ्या बाई जवळ आल्या. हसून म्हणाल्या, "तुम्ही आई ना हिच्या? झाड लेकीचंच का?"

मी अक्काला कोपरानं ढोसलं. सांग की! त्यांचा हात धरून फिरव बुंध्यावरून! शिवकन्या खाली बघायली होती.

"तिचंच," अक्का म्हणाली. "माझी खूण न्हाई त्येच्यावर."

यष्टीत पालम येईस्तोवर मी पोरीला शिव्या घातल्या, आन अक्कालाबी. भोळी हायस, म्हणलं. पोटच्या पोरीला काय एवढं पाठीशी घालायचं? अक्का घरी गेली आन मागापुढचा डाव्या अंगाचा पाट उचलून कोपऱ्यात उभा केला.

शिवकन्येला जागा मिळाली. आठ दिसांनी माझ्या मोबाईलवर तिचा फोन आला, रडायली होती. राग गिळून मी फोन मागाजवळ नेला.

"अक्का, तुझी लेक हाय."

तिनं गाठ मारली, दोरा कापला, दुसरा घेतला.

"खूण भरून टाकली तिनं, सुमन," ती म्हणाली. "आता माझीच हाय म्हणून वळखू कशावरून?"