पाहुण्यांसाठी राखलेलं लाकूड

मॉन्ट्रियलपासून दोन तासांवरच्या आमच्या खेड्यातल्या घरी त्या हिवाळ्यात लाकडाच्या दोन राशी होत्या. शेडमध्ये मेपल, दोन वर्षं वाळलेलं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणकन वाजायचे. बाहेर ताडपत्रीखाली पॉप्लर, त्याच ऑक्टोबरात तोडलेलं, ओलं. ते शेजारच्या फ्रेंच शेतकऱ्याने फुकट दिलं होतं आणि देताना बजावलं होतं, "मादाम, हे पुढच्या वर्षी जाळायचं." मी कसली थांबतेय!

मी वाढले त्या घरात आधी शिळी पोळी संपवायची, मग ताजी. म्हणजे रोज शिळीच. चांगल्या कपबश्या पाहुण्यांना, धड टॉवेल पाहुण्यांना. इकडे येऊन चाळीस वर्षं झाली तरी ही खोड काही गेली नाही. तेव्हा मी ओलं लाकूड आधी जाळायला काढलं. मेपल ठेवलं मुलीसाठी. ती पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्नाबीहून नाताळात येणार होती आणि तिला आमच्याकडची थंडी सोसत नाही.

ह्यांचं हृदय त्या वर्षी थकलं होतं. जिना चढवेना म्हणून पलंग खाली, वूड स्टोव्हजवळ आणला. दारातला बर्फ फावड्याने उपसणं, छतावरचा लांब दांड्याने ओढून पाडणं, लाकडं आत आणणं, सगळं माझ्याकडे आलं. त्याचा मला तोराच होता, खोटं कशाला बोलू. विजेचे हीटर होते, पण त्या जुन्या घरात ते नावालाच. आणि ओलं लाकूड धड जळत नाही. टोकांतून पाणी फुसफुसत राहतं, स्टोव्हची काच काळी होते, धूर भरपूर आणि ऊब बेताची.

"आपल्यात म्हणतात सुक्याबरोबर ओलंही जळतं," हे दोन गोधड्यांतून म्हणाले. "तुझ्या राज्यात ओलं एकटंच जळतंय."

मी हसले आणि आणखी एक पॉप्लर आत सारलं.

नाताळच्या आदल्या दिवशी वादळ आलं. दाराबाहेर कमरेएवढा बर्फ. मुलीचा फोन आला, "आई, फ्लाइट कॅन्सल झाली गं. मी फेब्रुवारीत येते, आय प्रॉमिस." मग मेपल फेब्रुवारीसाठी राहिलं.

जानेवारीत थंडी मी मी म्हणत होती. एका दुपारी हे म्हणाले, "अगं, पाय गार पडलेत. आज ते मेपल लाव ना थोडं."

माझ्याकडे काही मागायची ह्यांना सवयच नव्हती. मी म्हटलं, "अहो, पोरगी यायचीय. तिला पुरायला नको?" शेड निम्मी भरलेली होती. मी ह्यांच्या पायांत मोज्यांची आणखी एक जोडी चढवली. "बरं," म्हणाले. परत त्यांनी मागितलं नाही. त्या दुपारची मला आजही लाज वाटते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळच्या चहाआधी हे गेले.

मुलगी तिसऱ्या दिवशी पोचली. शेजाऱ्याने ट्रॅक्टरने रस्ता मोकळा करून दिला, मॉन्ट्रियलहून चार घरची मराठी माणसं आली. घर पाहुण्यांनी भरलं. मी शेडमधून मेपल आणत राहिले. कुणी हातातलं घ्यायला आलं तरी दिलं नाही. स्टोव्हची काच लख्ख झाली. लोकांनी स्वेटर काढले. कुणीतरी फार उकडतंय म्हणून खिडकी किलकिली केली, तेव्हा मात्र मला तिथे उभं राहवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळली.

संध्याकाळी सगळे पांगले. मुलगी रिकाम्या पलंगावर बसली होती, ह्यांची गोधडी मांडीवर घेऊन.

"किती उबदार आहे गं इथे," ती डोळे पुसत म्हणाली. "मला तिकडे सारखं टेन्शन होतं, आई. ॲट लीस्ट, ही वॉज वॉर्म, ना? बाबांना थंडी नाही ना वाजली?"

मी स्टोव्हचं दार उघडलं, तिच्याकडे पाठ करून आणखी एक मेपल आत सारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "अगदी असंच उबदार असायचं."